फोटोपुरतं झाकण

गल्लीत त्याला सगळे खटपट्या म्हणायचे आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ठेवणाऱ्याला माणूस बरोबर कळला होता. लहानपणी त्याने घरातलं घड्याळ उघडलं, मग शेजारच्यांचं उघडलं, मग शेजारच्यांनी तो आला की दाराला कडी लावायला सुरुवात केली. मोठेपणी तो लाकडाच्या वखारीत फिटर म्हणून लागला आणि सव्वीस वर्षं तिथल्या करवतींची नस न् नस ओळखून राहिला. वखार बंद पडली तेव्हा तो बावन्न वर्षांचा होता, म्हणजे नवीन नोकरीला म्हातारा आणि घरी बसायला तरणा.

दोन महिने तो घरी बसला. त्या दोन महिन्यांत त्याने पंखा, इस्त्री, मिक्सर आणि बायकोचं शिलाई मशीन असं सगळं उघडून दुरुस्त केलं. यातलं काहीही बिघडलेलं नव्हतं. बायको पडदे शिवून द्यायची आणि तिच्याकडे हॉटेलवाल्याची मोठी ऑर्डर होती. मशीनचे सुटे भाग वर्तमानपत्रावर ओळीने मांडलेले बघून तिने जुन्या वस्तू विकायचं एक अ‍ॅप फोनवर उघडलं आणि फोन त्याच्या हातात दिला.

"इथे लोकांचं बिघडलेलं सामान ढिगाने पडलंय," ती म्हणाली. "ते उघडा. माझं सोडा."

त्या ढिगात त्याला चेनसॉ सापडल्या. पेट्रोलवर चालणारी, दातांची साखळी गरगर फिरवणारी ही हातातली करवत त्याच्या रोजच्या ओळखीची. लोकांनी हौसेने घेतलेल्या, दोन फांद्या कापून अडगळीत टाकलेल्या, भावाशी भांडण झालं म्हणून काढून टाकलेल्या, अशा शेकडो. खटपट्याने मागच्या परसातली पत्र्याची शेड झाडून घेतली, टेबलाला वस्तू आवळून धरणारा शेगडा लावला, भिंतीवर खिळे ठोकले आणि मेलेल्या चेनसॉ विकत घेऊन त्यांना उठवायचा उद्योग सुरू केला.

पहिलं वर्ष त्याने फसण्यात घालवलं. 'एकदाच वापरलेली' म्हणून घेतलेली चेनसॉ खरोखर एकदाच वापरलेली निघाली; त्या एका वापरातच तिचं इंजिन जळून गेलं होतं. एकीला इतका झकास रंग होता की त्याने बघताक्षणी घेतली, आणि घरी आणल्यावर तो रंग हाताला लागला. एकाने चालू मशीनचा व्हिडिओ पाठवला होता. घरी आणून दोरी ओढ ओढ ओढली तरी ते खोकलंसुद्धा नाही. मग त्याने तो व्हिडिओ पुन्हा कान देऊन ऐकला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आवाज मोटरसायकलचा आहे. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे त्याने शाळेत पाठ केलं होतं, पण त्याची फी त्या वर्षी भरली.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. खटपट्या तर पाणीसुद्धा फुंकायला लागला. विकणाऱ्याला तो आधीच सांगायचा, दोरी ओढायच्या आधी मशीनवर तळहात ठेवून दाखवा. कारण लबाड माणूस मशीन आधीच तापवून ठेवतो आणि तापलेलं मशीन काय, कुणीही चालू करेल. मग सायलेन्सर काढून भोकातून आतल्या दट्ट्याचा फोटो मागायचा. त्यावर उभे ओरखडे दिसले की राम राम. जवळपासचा सौदा असला तर स्वतः जायचा, मशीन नुसतं दोरीच्या मुठीला धरून लटकवायचा आणि ते किती वेगाने खाली येतं ते बघायचा. हळूहळू उतरलं तर इंजिनात जीव आहे, धाडकन खाली आलं तर नाही. विकणारे त्याच्याकडे असे बघायचे की हा मशीन घ्यायला आलाय की वजन करायला.

पण या धंद्यात एक सुख होतं आणि ते त्याला दुसऱ्या कशात मिळालं नसतं. कुठल्याशा घरातल्या बाईने 'जुनं यंत्र, कशाचं माहीत नाही, न्या' एवढंच लिहून धुळीने भरलेल्या चेनसॉचा फोटो टाकलेला असायचा. खटपट्या ती आणायचा, आठवडाभर तिच्यापुढे बसायचा, टाकीतलं गोंदासारखं झालेलं पेट्रोल खरवडून काढायचा, दोन आण्यांची फाटकी नळी बदलायचा. आणि मग कधीतरी दुपारी, चौथ्या-पाचव्या ओढीला, पंधरा वर्षं गप्प असलेलं ते यंत्र शेड दणाणून सोडायचं. त्या वेळी तो एकटाच हसायचा. बायकोला आतून मशीनचा आवाज यायचा, हसणं दिसायचं नाही, पण ती म्हणायची, "उठलं वाटतं."

विकायचं काम तिच्याकडे होतं. खटपट्याला मशीन कळायचं, माणसं बायकोला कळायची. ती पडद्याच्या उरलेल्या पांढऱ्या कापडावर मशीन ठेवून फोटो काढायची, खाली खरं ते लिहायची, आणि घासाघीस करणाऱ्यांना दोन वाक्यांत गार करायची. चार वर्षांत त्यांच्या नावापुढे एकही वाईट अभिप्राय नव्हता. या गोष्टीचा तिला इतका अभिमान होता की माहेरच्यांनाही ती फोन पुढे करून दाखवायची.

खटपट्याचा एक नियम होता. बाकी काही मागेपुढे झालं तरी चालेल, पण ब्रेक तपासल्याशिवाय मशीन शेडबाहेर जायचं नाही. चेनसॉ चालवताना पात्याचं टोक चुकून कशाला तरी टेकलं की ते उसळतं, आणि उसळतं ते थेट चालवणाऱ्याच्या तोंडाकडे. त्यासाठी डाव्या मुठीच्या पुढे एक आडवा दांडा असतो. मशीन उसळलं की मनगट दांड्यावर आपटतं, दांडा पुढे जातो, आणि बाजूच्या झाकणाच्या आत बसवलेला पोलादी पट्टा फिरत्या चाकाला करकचून आवळतो. पापणी लवायच्या आत साखळी थांबते. पट्टा तुटका असला तर दांडा तसाच पुढे जातो, टक् असा आवाजही तसाच करतो, आणि साखळी फिरतच राहते. बाहेरून काही कळत नाही.

म्हणून तो प्रत्येक मशीन चालवून, दांडा मनगटाने ढकलून बघायचा, आणि मगच एका चिठ्ठीवर 'ब्रेक पाहिला' असं लिहून ती चिठ्ठी मुठीला बांधायचा. ही चिठ्ठी म्हणजे त्याची सही होती.

आता जी गोष्ट सांगायची ती इथून सुरू होते.

त्याच्याकडे एकाच जातीची दोन मशीनं आली होती. एकाचं इंजिन ठणठणीत होतं, पण सबंध आयुष्य कुणाच्या तरी घामात आणि तेलात गेलेलं. झाकणाचा नारिंगी रंग उडून ते राखाडी झालं होतं. दुसरं दिसायला नवं कोरं आणि आतून जळून खाक. ते त्याने सुट्या भागांसाठी घेतलं होतं. चांगल्या इंजिनाच्या मशीनला त्याने नवी नळी टाकली, राखाडी झाकणात ब्रेकचा नवा पट्टा बसवला, सकाळी चालवून ब्रेक पाहिला, व्हिडिओ काढला, चिठ्ठी बांधली. सगळं रीतसर.

मग बायको फोटो काढायला आली. पांढऱ्या कापडावर ते राखाडी झाकण असं दिसत होतं की जणू मशीनला कुठला तरी रोग झालाय.

"अहो, हे कोण घेईल?" ती म्हणाली. "त्या मेलेल्या मशीनचं झाकण बघा किती छान आहे. ते लावा की."

"त्यातला पट्टा तुटलेला आहे."

"मग फोटोपुरतं लावा. नंतर बदला."

झाकणाला दोनच नट असतात. त्याने राखाडी झाकण काढून खिळ्याला अडकवलं आणि छान झाकण लावलं. फोटो सुरेख आला. तेवढ्यात बागेचं काम करणारा एक माळी अडकलेलं इंजिन घेऊन दारात उभा राहिला आणि खटपट्या त्या इंजिनामागे लागला. फोटो अ‍ॅपवर गेला, आणि तासाभरात गिऱ्हाईक हजर. नावाच्या जागी 'लाकूडवाली' एवढंच होतं. ओंडक्यांची स्टुलं, बाकं करते म्हणाली. प्रश्न मोजके आणि बरोबर विचारले. तिच्या ओळखीचा टेम्पोवाला चार वाजता त्याच भागातून परत जाणार होता, त्याच्याकडे द्या म्हणाली. चारला दहा मिनिटं कमी असताना खटपट्याने टाकीतलं पेट्रोल काढून घेतलं, कारण भरल्या टाकीने मशीन पाठवत नाहीत. टाकी रिकामी, म्हणजे आता चालवून बघायचा प्रश्नच नव्हता. त्याने मुठीकडे पाहिलं. चिठ्ठी बांधलेली होती. ब्रेक पाहिला. अक्षर त्याचंच. त्याने मशीन खोक्यात घातलं.

चार वर्षं जगाला सांगत आला होता की फोटोवर विश्वास ठेवू नका. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो शेडमध्ये गेला, ते माळ्याच्या इंजिनाला लागणारी पकड शोधायला. पकड खिळ्यावर असायची. हात खिळ्यावर गेला आणि हाताला झाकण लागलं. त्याने ते उलटं केलं. आत नवा पट्टा चकचकत होता.

त्याच्या पायाखालची वाळू सरकली. झाकण घेऊन तो आत गेला. बायको चहा गाळत होती. त्याने झाकण ओट्यावर ठेवलं. तिने झाकणाकडे पाहिलं, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि चहा कपाबाहेर गेला.

लाकूडवालीचा शेवटचा निरोप आदल्या संध्याकाळचा होता. 'मिळालं. उद्या सकाळी कामाला लावते.'

त्यांनी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. बायकोने निरोप टाकला, 'मशीन चालू करू नका, ब्रेक तुटलेला आहे, आम्ही येतोय.' निरोप गेला, पण तिकडे पोचल्याची खूण उमटेना. टेम्पोवाल्याला उठवलं. तो म्हणाला, मी काल रात्रीच माझ्या घरी आलो, पण पत्ता सांगतो. मोठा रस्ता सोडून डावीकडे चढ, पाण्याच्या टाकीपुढे ओंडक्यांचे ढीग दिसतील, तेच घर. दोन तासांचा रस्ता.

"तुम्ही निघा," बायको म्हणाली. "मी फोन लावत राहते."

त्याने झाकण टॉवेलमध्ये गुंडाळून स्कूटरच्या डिकीत टाकलं, नट सोडवायचे दोन पाने घेतले आणि चपला तशाच घालून निघाला. फोनही डिकीतच राहिला.

गाव मागे पडेपर्यंत तो मनात एकच हिशोब करत होता: ती कधी उठत असेल. लाकडाचं काम करणारी माणसं लवकर उठतात. उन्हाच्या आधी जड काम उरकून घेतात. वखारीतही तसंच होतं. आणि वखार आठवली की जे आठवू नये म्हणून तो इतकी वर्षं धडपडला होता, ते आठवलंच.

वखारीत एक मिस्त्री होते. खटपट्याला हाताला धरून शिकवलं ते त्यांनी. एकदा ते म्हणाले, "हा ब्रेकचा दांडा सारखा मध्ये येतो रे. तारेने बांधून टाक." खटपट्या तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता आणि मिस्त्रींचा शब्द त्याला शेवटचा होता. त्याने दांडा तारेने बांधून टाकला, तोही नीट, दोन वेढे देऊन. तेराव्या दिवशी मशीन उसळलं. मिस्त्री वाचले, पण गालापासून गळ्यापर्यंत टाके पडले आणि उजवा खांदा पुन्हा कधी वर गेला नाही. त्यांनी खटपट्याला एका शब्दाने दोष दिला नाही. "मीच सांगितलं होतं ना," एवढंच म्हणाले. दोष दिला असता तर बरं झालं असतं, असं त्याला तीस वर्षं वाटत होतं.

स्कूटर चढाला लागली आणि धापा टाकायला लागली. खटपट्या पुढे वाकून बसला, जणू त्याच्या वाकण्याने ती जोरात जाणार होती. एका वळणावर गुरं आडवी आली. त्याने आयुष्यात गुरांना इतक्या अजीजीने हटकलं नव्हतं. पाण्याची टाकी दिसली. ओंडक्यांचे ढीग दिसले. त्याने इंजिन बंद केलं, आणि त्याला आवाज ऐकू आला.

चेनसॉ चालू होती.

घराच्या मागून आवाज येत होता, पूर्ण जोरात, लाकडात शिरलेला. खटपट्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने स्कूटर स्टँडवर लावलीही नाही, आडवी टाकली आणि ढिगांमधल्या बोळातून पळत सुटला. एक चप्पल पहिल्याच ओंडक्याशी राहिली. मागच्या अंगणात एक साठीची बाई, पांढरे आखूड केस, कानांवर मोठे गोल कानबंद, वाकून ओंडका कापत होती. खटपट्या तिच्यासमोर, पण दहा पावलं लांब, जाऊन उभा राहिला. चालू मशीनवाल्या माणसाला मागून हात लावायचा नसतो, हे त्या अवस्थेतही त्याच्या पायांना आठवत होतं. तिथे उभं राहून तो दोन्ही हात डोक्यावर हलवायला लागला.

बाईने मान वर केली. एका पायात चप्पल असलेला, घामाने थबथबलेला, हवेत हात मारणारा माणूस बघून तिने मशीन बंद केलं आणि कानबंद गळ्यात उतरवलं.

"काय झालं? आग लागली का कुठे?"

खटपट्या तिच्या हातांकडे बघत होता. हातमोजे होते. "जरा मोजे काढता का?" तो म्हणाला.

"कशाला?"

"बोटं बघायचीत."

बाईने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग काय वाटलं कोण जाणे, तिने मोजे काढले. दहा होती. दहाच्या दहा, राठ, जागच्या जागी. मग त्याची नजर जमिनीवर ठेवलेल्या मशीनकडे गेली आणि त्याला दिसलं की ते हिरवं आहे. जुनं, हिरवं, दुसऱ्याच कुठल्यातरी कंपनीचं. त्याने पाठवलेलं नारिंगी मशीन पडवीतल्या बाकावर होतं. झाकण काढून उलटं ठेवलेलं, आणि तुटका पट्टा दोन तुकड्यांत शेजारी मांडलेला, न्यायालयात पुरावा मांडतात तसा.

खटपट्याचा जीव भांड्यात पडला. तो स्वतःही पडला, म्हणजे मागच्या ओंडक्यावर मटकन बसला.

"म्हणजे तुम्ही ते," बाई म्हणाल्या. आवाज गार झाला होता. "सकाळपासून फोन करताय. बघितले मी. मुद्दामच उचलले नाहीत. अ‍ॅपवरही ब्लॉक केलं. म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा कोण ऐकणार?"

"फार चांगलं केलंत," खटपट्या म्हणाला.

"काय?"

"उघडलंत ते. उघडलंत ना चालवायच्या आधी."

"आधीच्या दोन वेळा फसलेय मी. एकदा तर खोक्यात नुसतं पातं आलं होतं. आता मी आधी सगळं खोलते आणि मगच पेट्रोल ओतते." त्यांनी चिठ्ठी उचलून त्याच्यासमोर धरली. "ब्रेक पाहिला म्हणे. कुणी पाहिला?"

"मीच पाहिला. दुसऱ्या झाकणात."

आणि त्याने सगळं सांगितलं. राखाडी झाकण, पांढरं कापड, माळ्याचं इंजिन, रिकामी टाकी. त्यातलं एकही वाक्य त्याने स्वतःच्या बाजूने वळवलं नाही. मिस्त्रींचंही सांगितलं, जे त्याने बायकोलाही फक्त एकदाच सांगितलं होतं. बोलताना त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्याने शर्टाच्या बाहीने पुसलं, त्यामुळे कपाळाला काळं तेल लागलं. बाई उभ्या राहून ऐकत होत्या. मध्येच आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"फोटोसाठी," त्या म्हणाल्या.

"फोटोसाठी."

"आधी पाणी प्या. मग दाखवा ते तुमचं खरं झाकण."

त्याने डिकीतून टॉवेलची गुंडाळी आणली. दोन नट, पाच मिनिटांचं काम. आज त्याला पंधरा मिनिटं लागली, कारण प्रत्येक नट तो दोनदा तपासत होता. बाईंनी स्वतःच्या डब्यातलं पेट्रोल ओतलं. तिसऱ्या ओढीला मशीन उठलं. त्याने मुठीतला घोडा दाबून साखळी पूर्ण वेगात आणली आणि मनगटाने दांडा पुढे ढकलला. साखळी जागच्या जागी थिजली. बाईंनी मान डोलावली आणि मशीन त्याच्या हातातून घेतलं. आता त्यांनी स्वतः ढकलून पाहिलं. थांबली. पुन्हा पाहिलं. पुन्हा थांबली. मग त्याच ओंडक्याचा राहिलेला काप त्यांनी नव्या मशीनने पूर्ण केला आणि ओंडक्याची चकती बाजूला पडली तेव्हा त्या पहिल्यांदाच हसल्या.

"इंजिन मात्र सोन्यासारखं आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या हिरव्यापेक्षा बरंच हलकं."

"कार्बोरेटर मी दोनदा धुतलाय," खटपट्या म्हणाला, आणि त्याला वाटलं की आपण बऱ्याच वर्षांत इतकं छान वाक्य बोललो नाही. अंगणात ऊन आलं होतं, भुशाचा ताजा वास सुटला होता, आणि त्याला सकाळपासून पहिल्यांदाच भूक लागली. बाईंनी न विचारता ताट वाढलं. पडवीत बसून त्याने खाल्लं, दोनदा मागून घेतलं, आणि त्या करत असलेल्या बाकाचे पाय कुठे डुगडुगतात ते खटपट्याच्या स्वभावाप्रमाणे खाली वाकून बघितलं.

मग बाई जरा अवघडल्या. "एक सांगायचं राहिलं," त्या म्हणाल्या. "आठ वाजता माझं डोकं फारच तापलं होतं. मी त्या अ‍ॅपवर तुमच्याबद्दल लिहून टाकलंय."

"काय लिहिलंय?"

त्यांनी फोन पुढे केला. एकच चांदणी होती, आणि खाली लिहिलं होतं: 'फसवा माणूस. ब्रेक तुटका आणि वर चिठ्ठी बांधून पाठवली. उघडून बघितलं म्हणून वाचले, नाहीतर हात गेला असता. याच्याकडून काही घेऊ नका.'

"काढून टाकते आत्ता," बाई म्हणाल्या.

"राहू द्या," खटपट्या म्हणाला. "खोटं काय आहे त्यात?" आणि मग त्याला एकदम बायको आठवली. ती बिचारी घरी बसून फोन फिरवत असणार, आणि इथे हा दुसऱ्यांदा भाजी मागून घेत होता. तो तसाच अनवाणी पायाने स्कूटरकडे धावला. डिकीत फोन होता. बायकोचे चौदा फोन येऊन गेले होते, पहिला आठ वाजून बारा मिनिटांनी.

त्याने लावला. तिने अर्ध्या घंटीत उचलला.

"अगं, त्या ठीक आहेत," तो घाईघाईने म्हणाला. "काही झालं नाही. दहाच्या दहा..."

"माहितीये मला."

"तुला कसं माहिती?"

"त्यांनी लिहिलंय ना आपल्याबद्दल. आठ वाजता आलं. तेव्हापासून तुम्हाला फोन करतेय, थांबा, सावकाश जा, म्हणून. उघडून बघितलं म्हणून वाचले, असं लिहिलंय त्यांनी. स्वतःच्या हाताने लिहिलंय. दहा वेळा वाचलं असेल मी सकाळपासून."

चार वर्षं जपलेल्या त्या कोऱ्या पाटीवर पहिला डाग पडला होता, आणि तोही सगळ्या जगाला दिसेल असा.

"तू वाचलंस नीट?" त्याने विचारलं. "फसवा म्हटलंय मला."

"हो," बायको म्हणाली, आणि ती रडत होती की हसत होती ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. "किती छान लिहिलंय हो त्यांनी."